सेकिरोमध्ये गेनिचिरोवर अडकलोय, प्रचंड चिडचिड होते, तरी परत खेळावंसं का वाटतं?

तुमचा प्रश्न असा की सेकिरो या गेममधला बॉस (म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू) गेनिचिरो काही केल्या मरत नाही, दर वेळी वैतागून गेम बंद करता आणि थोड्या वेळाने परत चालू करता, तर हा वेडेपणा आहे का आणि गेम सोडून द्यावा का. वेडेपणा वगैरे काही नाही ओ, तो बॉस तिथे ठेवलाय तोच तुम्हाला अडवायला.

सेकिरो 2019 चा, फ्रॉमसॉफ्टवेअरचा, डार्क सोल्सवाल्या हिदेताका मियाझाकीनेच डिरेक्ट केलेला, आणि त्यात इझी-नॉर्मल-हार्ड असा ऑप्शनच नाही. डार्क सोल्समध्ये निदान लेव्हल वाढवून, ढाल घेऊन, नाहीतर ऑनलाइन कुणाला मदतीला बोलावून बॉस उरकता येतो, इथे तुम्ही एकटे, एक कटाना आणि तुमचं टायमिंग. गेनिचिरोच्या आधीपर्यंत मागून जाऊन भोसकणं, छपरावर पळून जाणं, गोल गोल फिरत एखादा वार करणं यावर बऱ्यापैकी भागतं. अशिना किल्ल्याच्या माथ्यावर हा माणूस ते सगळं बंद पाडतो. तुम्ही लांब पळालात की धनुष्य काढतो, आणि तेवढ्या वेळात त्याचा पोस्चर बार (तोल किती ढळलाय ते दाखवणारी पट्टी, ती पूर्ण भरली की निर्णायक वार करता येतो) परत खाली येतो, म्हणजे तुमची आधीची मेहनत पाण्यात. बहुतेक लोक इथेच अडकतात, कारण जीव वाचवायला जे करावंसं वाटतं नेमकं तेच इथे चुकीचं आहे. चिकटून उभं राहायचं, तो मारेल तेव्हा ऐनवेळी गार्ड दाबून डिफ्लेक्ट करायचं, म्हणजे वार परतवायचा, तो थांबला की आपण मारायचं. आणि आधी त्याची हेल्थ थोडी खाली आणा, हेल्थ कमी झाली की पोस्चर परत सावरायला त्याला जास्त वेळ लागतो.

आता राग का येतो आणि तरी परत का बसतो, तर माझ्या मते सगळा फरक एकाच गोष्टीत आहे, मेल्यावर कशाने मेलो ते कळतं की नाही. लॅगमुळे मेलो, कॅमेरा भिंतीत घुसला, पुढे जायला पैसे मागतायत, या रागात काहीच दम नाही, तिथे मी सरळ अनइन्स्टॉल करतो. पण गेनिचिरो उडी मारून वरून वार करतो आणि खाली आल्या आल्या धोक्याच्या वाराची सूचना देणारं लाल चिन्ह चमकतं ना, ती जागा बघा. पुढे तो एकतर सरळ भोसकणार नाहीतर खालून पाय छाटणार. भोसकलं तर मिकिरी काउंटर, म्हणजे चक्क त्याच्याच दिशेने डॉज (हे स्किल घेतलं नसेल तर आधी ते घ्या), पाय छाटले तर उडी. सुरुवातीला लाल दिसलं की बोटं आपोआप मागे पळायचं बटण दाबतात आणि तलवार आरपार जाते. राग येतो पण उत्तर समोर असतं, म्हणून हात परत कंट्रोलरकडे जातो. मग कधीतरी मधेच लक्षात येतं की आपण चिन्हाकडे बघतच नाहीये, तलवार मागे खेचली की अंग खाली झुकवलं तेवढंच बघतोय आणि बोटांनी काम करूनही टाकलंय. मला खरी मजा ही वाटते. जिंकल्यावर उलट जरा रिकामंच वाटतं, हात थरथरत असतात आणि आता काय असं होतं.

एक मात्र पाळा. त्याची हेल्थ चिमूटभर उरली की हाव सुटते, डिफ्लेक्ट विसरून माणूस नुसता आर वन (वार करायचं बटण) बडवायला लागतो. तसं व्हायला लागलं किंवा घाबरून भलत्या वेळी हीलचं बटण दाबलं जायला लागलं की त्या दिवसापुरतं बंद करा. हातांनी शिकलेलं झोपेत पक्कं होतं हे अभ्यासातही दिसलंय, सकाळी तेच वार हळू आल्यासारखे वाटतात.

आणि सोडायचं तर सोडा बिनधास्त, त्यात कसली आलीय लाज. सेलेस्ट (2018) खेळा, तो पण घाम काढतो पण मेल्यावर क्षणात त्याच स्क्रीनवर परत उभं करतो, शिवाय असिस्ट मोडमध्ये गेमचा स्पीड कमी करता येतो. ज्यांना हे कमीपणाचं वाटतं त्यांना वाटू दे.

चालू ठेवणार असाल तर पुढचं पण सांगून ठेवतो, दोन डेथब्लो (तेच निर्णायक वार) दिल्यावर तो चिलखत उतरवून परत उभा राहतो आणि वीज फेकायला लागतो. वीज येताना उडी मारा, हवेतच अंगावर घ्या आणि पाय टेकायच्या आत अटॅक दाबा, ती वीज त्याच्यावरच उलटते. पहिले दोन टप्पे नीट जमले असतील तर हा भाग त्यांच्यापेक्षा सोपा जातो.