बायबलची शिकवण लोकांना रुचावी म्हणून ख्रिस्ती लोकांनी ती थोडी सौम्य करून सांगावी का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही ख्रिस्ती नाही, कोथरूडला राहता, मित्राबरोबर नाताळात चर्चला गेला होतात आणि तिथला उपदेश तुम्हाला 'जरा कडक' वाटला. थोडं सौम्य बोललं तर जास्त लोक येणार नाहीत का, असं तुमचं म्हणणं.

येतील की. नाताळच्या रात्री आमच्याकडे उभं राहायला जागा नसते. त्यातले निम्मे कॅरलसाठी आणि केकसाठी येतात, येऊ देत बिचारे. गर्दीचा प्रश्न असेल तर उत्तर इथेच संपलं.

पण 'सौम्य' हा शब्द वाचला आणि मला राहवेना. तो शब्द मी स्वतःच्या अक्षरात एका पत्रात लिहिला आहे आणि त्याखाली सहीही केली आहे.

मी साठी ओलांडलेली, सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी केलेली बाई. आजोबा नगरकडचे, मिशनच्या शाळेत मास्तर. आम्ही नगरकडचे लोक भेटल्यावर अजून 'सलाम' म्हणतो, ते ऐकून सोसायटीतले शेजारी दर वेळी चमकतात. असो.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, दरवर्षी हंगामाचा सण असतो. नावाला हंगाम, शेती आता कोणाचीच राहिली नाही. मंडईतून आणलेला लाल भोपळा, मार्केट यार्डातली केळी, कोणाच्या गावाकडची ज्वारीची कणसं, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेली एखादी कोंबडी. पुलपिटाला, म्हणजे उपदेशाच्या ओट्याला, दोन्ही बाजूंनी ऊस बांधतात. उपासना संपली की अंगणात या सगळ्याचा लिलाव, आणि तो पुकारायचा मान माझ्या थोरल्या भावाचा. दादा या कामात पटाईत. पपई अशी फिरवून दाखवतो की माणसाला वाटावं एदेन बागेतून आली.

पुढच्या बाकावर एक कॉन्ट्रॅक्टर बसायचे. दरवर्षी ते एक नारळ पाच हजारांना घ्यायचे आणि तोच परत टेबलावर ठेवायचे, म्हणजे तो पुन्हा विकता यावा. टाळ्या पडायच्या. त्या वर्षी त्यांनी देवळाचं, म्हणजे आमच्या चर्चचं, छप्पर स्वखर्चानं करून द्यायचं कबूल केलं होतं. कौलं जुनी, वासे वाळवीनं पोखरलेले, पावसाळ्यात बाजाच्या पेटीवर प्लास्टिक टाकायला लागायचं. दादा मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीचा खजिनदार, त्यामुळे तो छपराची स्वप्नं पाहत होता. मी कमिटीत बायकांच्या सभेतर्फे.

पाळक, म्हणजे आमचा धर्मगुरू, नवा होता, तिशीच्या आतबाहेरचा. हंगामाच्या सणाला आमच्याकडे ठरलेले उतारे असतात: पेरणाऱ्याचा दाखला, पहिलं पीक देवाला, आभार माना. यानं उघडलं बायबलमधलं याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय. शेतं कापणाऱ्या कामकऱ्यांची मजुरी तुम्ही अडकवून ठेवलीत आणि ती मजुरी ओरडते आहे, असं तिथे लिहिलंय. त्यानं कोणाचं नाव घेतलं नाही, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाला, "आपण आज कापणीचा सण करतो. कापणी करणाऱ्यांचे पैसे पोचलेत का, एवढं घरी जाऊन बघा." मग जक्कयाची गोष्ट सांगितली. उंबराच्या झाडावर चढलेला तो ठेंगणा जकातदार आमच्या संडे स्कूलच्या पोरांना फार आवडतो, कारण झाडावर चढायचा अभिनय करता येतो. चौपट परत करीन म्हणतो, तो भाग पोरांच्या अभिनयात येत नाही. पाळकानं तोच भाग घेतला. जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं, त्यानंतर येशू म्हणतो की आज या घराला तारण, म्हणजे उद्धार, मिळालं. तो क्रम बघा, एवढंच म्हणून तो खाली बसला.

कॉन्ट्रॅक्टरच्या साइटवरच्या सेंटरिंगवाल्यांचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत, हे अख्ख्या मंडळीला माहीत होतं. पाळकाला माहीत होतं की नाही, यावर आमच्याकडे अजून दोन पक्ष आहेत.

लिलावाला दादानं नारळ उचलला. "नारळ, पन्नास रुपये!" नेहमीप्रमाणे पुढे बघितलं. कॉन्ट्रॅक्टर खिशात हात घालून भिंतीपाशी उभे. कोणी बोलेना. दादानं तो चाळीसवर आणला, घसा खाकरला, पुन्हा पुढे बघितलं. शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी चटणीला होईल म्हणून चाळीसला घेतला. आमच्या इतिहासातला हा सर्वांत स्वस्त नारळ. पुढच्या रविवारपासून ते कुटुंब दिसेनासं झालं. दुसऱ्या एका मंडळीत जातात असं कळलं, तिथे एसी आहे.

मग कमिटीची बैठक. दोन तास. कोणीही म्हणालं नाही की पाळक खोटं बोलला. सगळे म्हणाले, वेळ चुकली, सणासुदीला उत्तेजनपर संदेश हवा, नवीन लोक येतात, त्यांना काय वाटेल. नवीन लोक! त्या दिवशी उपासनेला नवीन म्हणता येतील असे तिघं होते आणि तिघंही मागच्या बाकावर. पत्र द्यायचं ठरलं, आणि माझं अक्षर चांगलं, मसुद्याचा सराव, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी लिहिलं: 'यापुढे सणाच्या उपासनेत वचनाची मांडणी अधिक सौम्य व सर्वांस रुचेल अशी करावी, ही नम्र विनंती.' दादा म्हणाला, वा.

पाळकाला ते पत्र मीच नेऊन दिलं. त्यानं उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "ताई, कोणत्या ओव्या गाळू, तेवढं खाली लिहून द्याल?" बायबलच्या वचनाला आम्ही ओवी म्हणतो.

मी म्हटलं, कमिटीला विचारून सांगते. अजून सांगतेच आहे.

त्या मागच्या तिघांतली एक बाई पुढच्या आठवड्यात बायकांच्या सभेला आली. नवरा सेंटरिंगवर, गाव मराठवाड्यातलं, धर्मानं ख्रिस्ती नाहीत. शेजारणीबरोबर सहज आली होती. मला बाजूला घेऊन हळूच विचारते, "ते मजुरी ओरडते म्हणाले, ते खरंच तुमच्या पुस्तकात लिहिलंय, का साहेबांनी आमच्यासाठी घातलं?" मी पान काढून दाखवलं. तिला वाचता येत होतं. बोट ठेवून तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि पुस्तक मिटायच्या आधी पान कितवं ते विचारलं.

म्हणून मला तुमचा प्रश्नच अर्धवट वाटतो. रुचेल म्हणजे कोणाला? पुढच्या बाकाला जे कडू लागलं, ते मागच्या बाकाला पहिल्यांदा गोड लागलं, आणि ओळ एकच होती. आम्ही ती मवाळ करायला निघालो, तेव्हा नाव बाहेरच्यांचं घेतलं आणि सोय केली आतल्याची, तीही देणगीदाराची.

दादाचं म्हणणं याहून वेगळं, आणि गेली कित्येक वर्षं प्रत्येक जेवणावर तो ते मांडतो. त्याचा हुकमी एक्का म्हणजे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक. "टिळकांनी नाही का अभंग लिहिले, टाळ-मृदंग आणले, कीर्तनं केली? तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणाले. लोकांना रुचेल असंच केलं ना?" अरे बाबा, चाल बदलली, मजकूर नाही. १८९५ मध्ये त्या माणसानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा संसार दुभंगला, बायकोला, लक्ष्मीबाईंना, काही वर्षं वेगळं राहावं लागलं. सौम्य करायचंच होतं तर बाप्तिस्मा टाळून नुसते अभंग लिहिता आले असते, आणि अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं असतं. प्रेषित पौलानंही अथेन्समध्ये ग्रीकांच्याच कवींचे दाखले दिले. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचं नाव काढताच काही जण हसले. पण नाव काढलंच ना?

आणि पुण्यात बसून हा प्रश्न विचारताय म्हणून ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं सांगते. शारदासदन, म्हणजे त्यांची विधवा आणि मुलींसाठीची शाळा, १८९० मध्ये पुण्यात आली, रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळात. अट एकच, मुलींवर धर्माची सक्ती नको. बाईंनी सक्ती केलीच नाही. पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घ्यायलाही तयार होईनात, आणि उघड्या दारातून मुली येऊन बसायला लागल्या. १८९३ मध्ये मंडळानं राजीनामे दिले. दार लावलं असतं तर पुण्याचा पाठिंबा टिकला असता, एवढाच सौदा होता. हे त्या पुण्यातलं, जिथे १८९० मध्ये पंचहौद मिशनात चहा प्यायला म्हणून लोकमान्यांपासून रानड्यांपर्यंत सगळ्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती. याच बाईंनी विलायतेतल्या मिशनच्या मंडळींचंही मुकाट ऐकून घेतलं नाही, हेही लिहून ठेवते. नाहीतर आमचेच लोक त्यांना नुसती आज्ञाधारक संतीण करून टाकतात. आणि पुढे केडगावला हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत केलं ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२२ मध्ये गेल्या, तोवर तेच काम चालू होतं. भाषा सोपी केली. कठीण ओव्या कठीणच ठेवल्या.

आता दुसरी बाजू, नाहीतर आमच्यातले कडक लोक हे उत्तर पुढे पाठवत सुटतील. त्यांच्यावरही माझा राग आहे आणि तो जुना आहे. माझी मावशी दोन पोरं घेऊन माहेरी आली, दंडावर वळ होते. मी तेव्हा कॉलेजात. आमच्याकडे त्या वेळचे पाळक आणि दोन वडीलधारे समजूत घालायला आले आणि बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचला: देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे. बायबल मिटलं. माझे वडील कमी बोलणारे. आतून आपलं पुस्तक घेऊन आले, चष्मा लावला आणि त्याच ओवीचा उरलेला भाग वाचला. तिथे जुलूम करणाऱ्याबद्दल आहे. मग मागे जाऊन तरुणपणच्या बायकोशी विश्वासघात करणाऱ्या नवऱ्यांना झापलंय तेही वाचलं. तो सगळा उताराच पुरुषांना उद्देशून आहे हो! पाहुण्यांनी चहा घेतला नाही. मावशी परत गेली नाही, पोरं आमच्याबरोबरच मोठी झाली.

तर कडकपणा म्हणजे काय, हे माझ्यासाठी त्या दिवशी ठरलं. अर्धी ओवी वाचणं हेही पातळ करणंच आहे, फक्त पाणी दुसऱ्या बाजूनं ओतलेलं. देणगीदाराला सौम्य आणि मार खाल्लेल्या बाईला कडक, हा आमचा हिशेब मी दोन्ही वेळा त्याच पुढच्या बाकावर पाहिला आहे. दादा दोन्ही वेळा हजर होता. मावशीच्या वेळी तो वडिलांच्या बाजूनं होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं जमेल तेवढं: ओरडून सांगू नये. कोणाच्या घरी मयत झालेली असताना नरकाचा विषय काढू नये. असं करणाऱ्याला मी स्वतः जिना उतरवून दिला आहे. समोरच्यानं विचारलं नसेल तर गप्प बसायलाही हरकत नाही, हल्ली तर नाहीच. पण विचारलं तर आहे ते सगळं सांगावं. 'हे वचन कठीण आहे' म्हणून पुष्कळ शिष्य निघून गेले, तेव्हा येशू त्यांच्यामागे धावला नाही. उरलेल्या बारांना विचारलं, तुम्हालाही जायचंय का. आणि त्या श्रीमंत तरुणाला 'सगळं विकून दे' सांगण्याआधी त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, असं मार्कानं लिहिलंय. आधी प्रीती, मग कठीण ते सांगणं, आणि माणूस खिन्न होऊन गेला तर जाऊ देणं. हे तिन्ही एका माणसाला जमतं असं मी फार थोड्यांत पाहिलंय. त्या पोरसवदा पाळकाला जमलं होतं बहुतेक. त्याची पुढे नेहमीच्या नियमानं बदली झाली, आमच्या पत्रामुळे नाही. पत्र मात्र फाइलमध्ये आहे.

मी काही शिकलेली धर्मपंडित नाही, पाळकांनी दुरुस्त करावं. तुम्हाला नाताळात जे कडक वाटलं ते कदाचित नुसता माइकचा आवाजही असेल, आमच्याकडे तो फार मोठा ठेवतात. एकदा साध्या रविवारी या, मागच्या बाकावर बसा.

छप्पर अजून झालेलं नाही. ताडपत्री आहे. दर पावसाळ्यात दादा फोन करतो आणि म्हणतो, "तुझ्या याकोबाच्या पत्राखाली बादली ठेवून आलोय." पुतणी त्याला हे उत्तर नक्की वाचून दाखवणार, म्हणून इथेच लिहून ठेवते: दादा, ताडपत्रीचे माझ्या वाट्याचे पैसे मी जूनमध्येच दिलेत, पावतीवर सही तुझीच आहे. आणि त्या चाळीस रुपयांच्या नारळाची चटणी तूही खाल्ली होतीस.