स्टेअरिंगच्या भेगा: बुजवायच्या की चाकच बदलायचे?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): घरी वडिलांची अ‍ॅम्बेसेडर आहे. स्टेअरिंगच्या कड्याला सात-आठ भेगा पडल्या असून दोन ठिकाणी आतली सळई दिसते. गॅरेजवाले म्हणतात, एम-सील भरून काळा रंग मारून देतो. चालेल का?

उत्तर: चालेल, फार तर एक उन्हाळा. कड्याच्या आत पोलादी सळई असते आणि तिच्यावर कडक प्लास्टिक ओतलेले असते. वर्षानुवर्षे प्लास्टिक आकसत जाते, सळई मात्र आहे तेवढीच राहते. म्हणून कडे आडवे तडकते, आणि तेही बहुधा आरे कड्याला मिळतात तिथेच. त्यात आपल्याकडे नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस. काचेमागे उन्हात उभ्या गाडीचे काळे स्टेअरिंग बाहेरच्या ४५ अंशांपेक्षा कितीतरी जास्त तापते. केसाएवढ्या भेगेवर वरून दाबलेली पुट्टी आत शिरतच नाही. रंगाखाली ती तेवढी लपते.

आधी सळई तपासा. कडे दोन्ही हातांनी धरून मागेपुढे ताण द्या. करकर ऐकू आली किंवा आरा कड्यापाशी सुटा हलला, तर डागडुजीचा विषय तिथेच सोडा. असा आरा वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण त्या वाटेला जाऊ नका. हे चाक हातात तुटले तर सावरायला काही उरत नाही.

सळई शाबूत असेल तर चाक उतरवूनच काम करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पुढची चाके सरळ ठेवा, हॉर्नचे बटण आणि त्याखालची स्प्रिंग कशी बसली होती याचा फोटो घ्या. शाफ्ट आणि चाकाचा मधला भाग यांवर पंचने समोरासमोर खूण करा. नट ढिला करा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्या, नाहीतर चाक सुटताना थेट तोंडावर येते. मग पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचे अवजार, लावा. जाम असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका. तो मार खाली स्टेअरिंग बॉक्सच्या बेअरिंगवर पडतो.

आता भेगा मोठ्या करायच्या. हे पाहून घरचे घाबरतात, पण सगळी दुरुस्ती इथेच ठरते. तिकोनी कानशीने प्रत्येक भेग इंग्रजी व्ही आकारात उघडा, वर ४-५ मिलिमीटर रुंद आणि खाली थेट सळईपर्यंत. सळईवरचा गंज खरवडा. भेगेच्या दोन्ही बाजूंचे बोटभर प्लास्टिक ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि थिनरच्या कापडाने पुसून सुकू द्या. जवळपास सुटलेला तुकडा असेल तर तो काढून परत चिकटवा.

भरायला हळू सुकणारे स्टँडर्ड अ‍ॅराल्डाइट घ्या, पाच मिनिटांचे नको. हा दोन ट्यूबचा इपॉक्सी गोंद, एकीत रेझिन आणि दुसरीत हार्डनर. त्यात बारीक टाल्क मिसळून ते श्रीखंडाइतके घट्ट करा म्हणजे ओघळणार नाही. पहिला हात पातळच, सळईवर नीट चोळून. मग घट्ट मिश्रण कड्याच्या किंचित वर येईल एवढे. २४ तास हात लावू नका, जानेवारीत ४८. घासताना ८०, १२०, २२०, ४०० असे पेपर क्रमाने वापरा. बोटांच्या खाचांसाठी पेपर रबरी नळीच्या तुकड्यावर गुंडाळा. मग दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, ६०० चा वॉटर पेपर आणि शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) रंग. पीयूच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असते आणि कापडी मास्क त्याला पुरत नाही. हा टप्पा पेंट बूथ असलेल्याकडून करून घेतलेला बरा. डेंटिंगवाले पत्र्यावर भरतात ती पुट्टी (लांबी) मात्र इथे वापरू नका. पत्र्यावर ती टिकते, पण वाकणाऱ्या कड्यावरून सुटते.

साधी इपॉक्सी ६०-६५ अंशांपुढे नरम पडू लागते. उन्हात गाडी उभी करताना स्टेअरिंगवर पांढरा पंचा टाकत जा.

प्रश्न (महाल): गेल्या पावसाळ्यात हेच केले. पृष्ठभाग चिकट राहिला आणि वरचा रंग सालासारखा निघाला.

उत्तर: नखाने दाबून पाहा. आत कडक आणि वर नुसताच तेलकट थर असेल, तर तो दमट हवेचा परिणाम. हार्डनर हवेतील ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर मेणचट थर सोडतो. तो पाण्यात विरघळतो, नुसत्या थिनरने फासला जातो. कोमट पाणी आणि घासणीने धुवा, वाळवा, मग घासून पुन्हा प्रायमर. नख रुतले तर मिश्रण चुकले आहे. सगळे काढावे लागेल. ट्यूबमधून काढताना रेझिन आणि हार्डनर समान घ्यायचे, वजनाने मात्र १० ग्रॅम रेझिनला ८ ग्रॅम हार्डनर. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त घालणारे बरेच असतात, आणि त्यामुळे ते नरमच राहते.

प्रश्न (जरीपटका): प्रीमियर पद्मिनीला लहान स्पोर्ट्स स्टेअरिंग बसवावे का?

उत्तर: बसते, पण पॉवर स्टेअरिंग नाही हे विसरू नका. ४०० मिलिमीटरच्या जागी ३५० चे चाक लावले की तेच वळण घ्यायला सुमारे १४ टक्के जास्त जोर लागतो, आणि तो इतवारीच्या गल्लीत गाडी लावताना चांगलाच जाणवतो. बॉस, म्हणजे चाक शाफ्टला जोडणारा मधला तुकडा, तुमच्या शाफ्टच्या खाचांना नेमका बसला पाहिजे. थोडे घासून बसवून देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. सहा बोल्टच्या चाकांतही मोमो कंपनीच्या चाकाच्या बोल्टछिद्रांचे वर्तुळ ७० मिलिमीटरचे आणि नार्दीचे ७४ चे, म्हणून बॉस आणि चाक एकाच मापाचे घ्या. लावताच हॉर्न सतत वाजू लागला तर त्याचा संपर्क बॉसच्या धातूला टेकतो आहे.

चाक काढून लावल्यावरच वाकडे दिसत असेल तर ते एखादी खाच चुकून बसले आहे. अलाइनमेंटनंतर वाकडे झाले असेल तर चाकाला हात लावू नका. टाय रॉड, म्हणजे पुढच्या चाकांना वळवणारा दांडा, एका बाजूला जेवढा लांब कराल तेवढाच दुसरीकडे आखूड करायला सांगा.

जुने चाक भंगारात देऊ नका. ते जपून ठेवले तर मूळ रूपात परत जाता येते.