भाषा येत नाही, एकटीनं व्हिएतनामला जाऊ का?

जुळे सोलापूरमधल्या एका निवृत्त शिक्षिकेची ही केस. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय पन्नाशीच्या पुढे, मुलगा पुण्यात नोकरीला. त्यांना व्हिएतनाम बघायचं होतं. ग्रुप टूर नको होती, एकटीनं, आपल्या चालीनं फिरायचं होतं. विमानाच्या तिकिटाचा फॉर्म त्या कितीदा तरी भरायच्या आणि पैसे भरायचं पान आलं की लॅपटॉप मिटायच्या. मुलाचं म्हणणं एकच, ‘आई, तुला इंग्रजी धड बोलता येत नाही, तिथं हरवलीस तर?’ समुपदेशनाला त्या माझ्याकडे आल्या झोप लागत नाही म्हणून. प्रवासाचा विषय नंतर निघाला.

‘भाषा येत नाही’ हे आशियात स्वतःच्या स्वतः फिरू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं वाक्य असतं. त्यावर ‘काही होत नाही, जा बिनधास्त’ असं उत्तर देऊन काहीच साधत नाही. काळजी करणारा माणूस मनातल्या मनात लगेच विचारतो, ‘आणि झालं तर?’ म्हणून ताईंना सांगितलं, नेमकं काय होईल ते कागदावर लिहून आणा. ‘हरवेन’ चालणार नाही. कुठं, किती वाजता, कुणासमोर उभं असताना, हे पाहिजे.

त्यांनी आणलेल्या कागदावर होतं: रात्री विमानतळाबाहेर आल्यावर गाडी कशी ओळखू, टॅक्सीवाल्यानं फसवलं तर, ताटात मांस आलं तर, रेल्वेत कुठल्या स्टेशनवर उतरायचं ते कळलं नाही तर, आजारी पडले तर डॉक्टरला काय सांगू. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, ‘लोक हसतील.’

खरी भीती ही शेवटची. ती व्हिएतनामची नव्हतीच, चारचौघांत इंग्रजी बोलताना अडखळण्याची होती. हनोईतल्या फळवालीलाही इंग्रजी येत नसतं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. किंबहुना फाडफाड इंग्रजी बोलणाराच तिथं जास्त अडतो, कारण तो लांबलचक वाक्यं टाकत राहतो आणि समोरचा नुसता हसून मान हलवतो. वरच्या पाच ओळींना मात्र सरळ तांत्रिक उत्तरं आहेत. ती नीट दिली, की खालच्या ओळीचा जोर आपोआप कमी होतो.

सगळ्यांत आधी आम्ही तालीम केली, तीही विजापुरात. सोलापुरात भाजी घेताना मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशी सरमिसळ रोजचीच असते, त्यामुळे इथं सराव होत नाही. विजापूर बसनं शंभरेक किलोमीटर, पाट्या कानडीत, आणि ताईंना कानडी वाचता येत नाही. अट अशी की तोंडानं मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही बोलायचं नाही. भाषांतराचं ॲप, कागद आणि बोट, एवढ्यावर गोल घुमट गाठायचा, जेवायचं, औषधाच्या दुकानातून ओआरएसचं पाकीट घ्यायचं आणि स्टँडवर परत यायचं.

पहिल्या तासातच घोळ झाले, आणि तेच हवे होते. नकाशा ऑफलाइन उतरवला होता, पण भाषांतराच्या ॲपमध्ये कानडी उतरवायची राहिली होती. रेंज गेली आणि ॲप गप्प. उन्हात फोनचा पडदा दिसेना. समोरच्यानं फोन हातात घेतला, त्याचा अंगठा कुठंतरी लागला आणि पान बदललं. एका दुकानदाराकडे चष्मा नव्हता आणि अक्षरं बारीक होती. तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये पोस्टकार्डाएवढी कार्डं आली, एका कार्डावर एकच वाक्य, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरात.

पण सगळ्यांत कामाची चूक वेगळीच होती. त्यांनी एका माणसाला दाखवलं, ‘गोल घुमटला कुठली बस जाते आणि किती वेळ लागतो?’ तो भला माणूस मिनिटभर कानडीत समजावत राहिला. प्रश्न पोचला, पण उत्तर घ्यायची सोयच नव्हती. म्हणून प्रश्न असा करायचा की उत्तर बोटानं, आकड्यानं किंवा मानेनं देता येईल. ‘किती वेळ?’ विचारण्याऐवजी घड्याळ पुढं करायचं. ‘किती पैसे?’ऐवजी कॅल्क्युलेटर. त्यातही एक बारकावा आहे. ‘ही बस तिकडं जाते का?’ विचारलं तर ‘हो’ म्हणणं समोरच्याला सगळ्यांत सोपं असतं. न समजताही लोक मान डोलावतात, नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून. त्यापेक्षा ‘फलाट 2 की 5?’ असं लिहून दाखवावं. एकावर बोट ठेवायचं तर वाचावं लागतं. आणि महत्त्वाचं असेल ते दोन वेगवेगळ्या माणसांना विचारावं.

ॲपमध्ये लिहायची वाक्यंही आखूड हवीत, कर्ता-कर्म स्पष्ट, म्हणी नकोत. व्हिएतनामी भाषांतर आलं की तेच कॉपी करून उलट मराठीत फिरवून बघायचं. ‘नको’, ‘नाही’, ‘शिवाय’ हे शब्द वाटेत गळतात की काय, ते तिथं कळतं. आणि देवनागरीत उच्चार लिहून घेऊन बोलायच्या फंदात पडू नये. व्हिएतनामीत (हनोईकडच्या बोलीत) सहा सूर आहेत, सूर बदलला की शब्दच बदलतो. दाखवायचं, बोलायचं नाही.

देश व्हिएतनाम निवडला होता ते या दृष्टीनं बरंच झालं. लिपी रोमनच आहे, वर-खाली खुणा असलेली. अर्थ नाही कळला तरी पाटीवरची अक्षरं तिकिटावरच्या अक्षरांशी जुळवता येतात.

कागदपत्रांत दोन-तीन जागा जपायच्या. व्हिएतनामचा ई-व्हिसा 15 ऑगस्ट 2023 पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना 90 दिवसांपर्यंत मिळतो, एकदा प्रवेशासाठी 25 डॉलर. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट व्हीएन’नं संपतो, त्याच्यासारखी दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. आपल्याकडच्या बायकांचा नेहमीचा गोंधळ नावात होतो. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव, दोन्ही असतात. फॉर्ममध्ये नवऱ्याचं नाव गाळलं, की व्हिसा आणि पासपोर्ट जुळत नाही आणि मुंबईच्या काउंटरवरच अडवतात. पासपोर्ट उघडा ठेवून अक्षर-अक्षर उतरवायचं. दुसरं म्हणजे तारीख. रात्री साडेबाराचं विमान 14 तारखेचं असेल, तर घरातून निघायचं ते 13 ला मुंबईत असू अशा बेतानं. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरणाऱ्यांनी तर एक रात्र आधी.

बँकेचं काम निघायच्या आठवडाभर आधी. कार्डाचा परदेशातला वापर ॲपमधून चालू करावा लागतो. तो मुळात बंद असतो. ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, म्हणून त्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू पाहिजे, इंटरनेट तिथल्या सिमचं किंवा ई-सिमचं. एटीएम ‘रुपयांत हिशेब करू का?’ असं विचारतं, तिथं नाही म्हणून डोंगच (तिथलं चलन) निवडायचे, नाहीतर दर महाग लागतो.

डोंगच्या नोटांवर ताईंबरोबर बराच वेळ घालवला. 20,000 ची नोट निळी आणि 5,00,000 चीही निळसर. अंधाऱ्या टॅक्सीत एकीऐवजी दुसरी गेली की साधारण सत्तर रुपयांच्या जागी सतराशे गेले. नोटा प्लास्टिकसारख्या गुळगुळीत, एकमेकींना चिकटतात. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या, रोजच्या पाकिटात येऊच द्यायच्या नाहीत. किमती सांगताना लोक हजार गाळतात. बोटांनी ‘पाच-शून्य’ म्हणजे 50,000. शेवटची तीन शून्यं सोडून उरलेल्याला साडेतीननं गुणलं की अंदाजे रुपये.

गाडीसाठी ग्रॅब ॲप. भाडं आधी दिसतं, घासाघीस नाही, आणि चालकाशी चॅट केलं तर ॲपच भाषांतर करतं. विमानतळाबाहेर ‘मी इथं आहे’ लिहिण्यापेक्षा जवळच्या खांबाचा किंवा दरवाजाचा नंबर पाठवायचा, मग गाडीची नंबरप्लेट जुळवायची. ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणाऱ्याकडे बघायचंही नाही.

जेवणाचं कार्ड नीट लिहावं लागतं. नुसतं ‘शाकाहारी’ लिहिलं तर मांसाचे तुकडे काढून तेच सूप समोर येतं. फो म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, त्याचं पाणी सहसा गाईच्या हाडांचं असतं, आणि भाजीतही मासळीचा सॉस पडतो. म्हणून कार्डावर पाच वस्तू नावानिशी: मांस, मासे, हाडांचं पाणी, मासळीचा सॉस, कोळंबीची पेस्ट नको. त्याहून सोपं म्हणजे ज्या पाटीवर सी-एच-ए-वाय ही चार अक्षरं आहेत ती खाणावळ शोधायची, ती शाकाहारी. चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक शाकाहार करतात, त्या दिवशी असं जेवण गल्लोगल्ली मिळतं. आपली पौर्णिमा बघून गेलात तरी चालेल! शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर होतीच, पण ती अडचणीला. हॉटेलच्या खोलीत बसून रोज तीच खाल्ली, तर मग भीती जिंकली म्हणायची.

रेल्वेत घोषणेवर विसंबायचं नाही. हनोईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांना विषम नंबर, उलट दिशेला सम. उतरायच्या स्टेशनला पोचायची वेळ आधीच वेळापत्रकात बघून लिहून ठेवायची. तिच्या वीस मिनिटं आधीचा गजर आणि नकाशावर सरकणारा निळा ठिपका, एवढं बास. आणखी दक्षिणेला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: हो ची मिन्ह सिटीचं स्टेशन तिकिटावर ‘सायगॉन’ म्हणून येतं. वाटेतल्या हुए शहरापासून दानांगपर्यंत अडीच-तीन तास, समुद्र डाव्या खिडकीला.

औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत आणि मूळ रसायनाच्या नावानं घ्यायची, कारण आपल्या गोळीचं ब्रँडनेम तिथं कुणाला माहीत नसतं. रुग्णवाहिका 115, पोलीस 113. भारताचा दूतावास हनोईत, वाणिज्य दूतावास हो ची मिन्ह सिटीत.

राहिला मुलगा. त्याला दर तासाला लोकेशन हवं होतं. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. तासातासाला खुशाली कळवणारा माणूस दिवसभर ‘आपण धोक्यात आहोत’ याचीच उजळणी करत राहतो. ठरलं ते असं: रोज तिथल्या रात्री नऊला, म्हणजे आपल्या साडेसातला, एक मेसेज. दोन तास उशीर झाला तर त्यानं हॉटेलला फोन करायचा, नंबर त्याच्याकडे.

त्या गेल्या. एकदा फसगत झाली, तीही पत्त्यामुळे. 1 जुलै 2025 पासून व्हिएतनामनं 63 प्रांतांचे 34 केले, जिल्ह्यांची पातळी काढून टाकली, आणि होई आन हे शहर दानांगमध्ये गेलं. ताईंच्या हॉटेलचा पत्ता ‘चान फू रस्ता, दानांग’ असा दिसत होता. या नावाचा रस्ता दानांग शहरातही आहे आणि तीस किलोमीटरवरच्या होई आनमध्येही. ॲपमध्ये रस्त्याचं नाव टाकलं, गाडीनं दानांगमधल्या रस्त्यावर आणून उभं केलं. हात थरथरत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण ठरल्याप्रमाणे बॅग घेऊन खाली उतरल्या नाहीत. हॉटेलचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेलं कार्ड पुढं केलं, फोनवर बोट ठेवलं. चालकानंच हॉटेलला फोन लावला, दोन मिनिटं बोलला, ॲपमध्ये नवं ठिकाण टाकून भाडं दाखवलं, त्यांनी मान हलवली. त्यानंतर पत्ता टाइप करणं बंद. हॉटेलकडून नकाशावरची पिन मागवायची आणि तीच टाकायची.

सगळ्यांना हाच रस्ता सांगत नाही. पुण्याला एसटीनं एकटं जातानाही छाती धडधडते, घाम फुटतो, अर्ध्या वाटेतून परत फिरावं वाटतं, असं असेल तर अडचण भाषेची नाही. तिथं आधी घबराटीवर उपचार, प्रवास नंतर. ताईंचा झोपेचा त्रास बराच कमी झालाय, पुरता गेलेला नाही. त्यावर काम चालू आहे.

आता त्यांना थायलंडला जायचंय. तिथं अक्षरं जुळवायची सोय नाही, लिपीच वेगळी. म्हणून कार्डांवर थाई मजकूर आणि खाली मराठी अर्थ, नाहीतर कुठलं कार्ड कुठलं तेच कळणार नाही. बँकॉकच्या स्कायट्रेनच्या स्टेशनांना इंग्रजी अक्षर आणि आकडा असा कोड असतो. स्टेशनचं नाव पाठ करण्यापेक्षा कोड लिहून घ्यायचा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली तर तिथं ‘जे’ जेवण, त्यात मांस-अंडं नाहीच, कांदा-लसूणही नाही. पर्यटक पोलीस 1155. आणि 1 मे 2025 पासून तिथं पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागितले तर संकेतस्थळ चुकलं असं समजून खिडकी बंद करायची.