वाचक विचारतात: भीमेत घालायची होडी

या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आलीत. पंढरपूर ते हत्तरसंग-कुडल असा भीमेतून होडीनं जायचा बेत बऱ्याच जणांच्या डोक्यात दिसतोय, आणि होडी विकत न घेता घरीच करायची म्हणतात. मला मनापासून आनंद झाला म्हणून यावेळचं सगळं पान याच विषयाला दिलंय.

प्रश्न: आम्ही दोघं मित्र, जुळे सोलापुरात राहतो. पंढरपूरहून निघून माचणूर, बेगमपूर करत कुडलच्या भीमा-सीना संगमापर्यंत चार-पाच दिवसांत वल्हवत जायचंय. सुतार म्हणतो सागवानी फळ्यांचीच करा, जन्मभर टिकेल. फॅब्रिकेशनवाला म्हणतो पत्र्याची करा, एका दिवसात वेल्डिंग करून देतो. कुणाचं ऐकावं?

दोघांचंही नको. आधी नदी बघा, मग होडी ठरवा.

उजनी धरणाच्या खालची भीमा म्हणजे सलग वाहणारी नदी राहिलेली नाही, ती एकापाठोपाठ एक के.टी. (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांनी अडवलेली आहे. बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारांतल्या फळ्या, टाकले की मागं लांबलचक शांत पाणी साठतं, त्यात वल्हवायला काही त्रास नाही, पण बंधारा आला की होडी पाण्याबाहेर काढायची, काठानं उचलून न्यायची, पलीकडं परत सोडायची, आणि हे एकदा नाही तर पूर्ण प्रवासभर करायचंय. काठ कसे असतात तुम्हाला माहितीच आहे, काळी माती, वेड्या बाभळी, मधे शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबली. त्यामुळं माझं एकच म्हणणं आहे, दोघांना उचलून शंभर पावलं चालता येईल तीच भीमेची होडी, बाकी सगळं त्यानंतर.

आता हिशोब बघा. 14 फूट लांब, तळ मधोमध 3 फूट, बाजू 16 इंच उंच अशी सपाट तळाची होडी धरली तर बाहेरचं अंग साधारण साडेसहा-सात चौरस मीटर होतं. 2 एमएमचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला पावणेसोळा किलोच्या आसपास भरतो, म्हणजे नुसता पत्राच शंभर किलोच्या वर गेला, अँगल आणि बसायच्या फळ्या अजून धरल्याच नाहीत. सागवानी फळ्यांचं तसंच, शिवाय फळ्यांची होडी वापरात नसली की उन्हानं सांधे उघडतात, आणि सोलापूरचं ऊन काय असतंय ते मी वेगळं सांगायला नको. तीच होडी 6 एमएम मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्लायची केली तर आतले आडवे आधार, बसायच्या फळ्या, रेझिन सगळं धरून 45-50 किलोत बसते. दोघांत एवढं वजन उचलता येतं.

एवढी पातळ चालेल का असं सुतार नक्की विचारणार. चालते, कारण प्लाय तारेनं शिवून रेझिननं जोडायच्या पद्धतीत (ती पुढच्या उत्तरात सांगतोय) ताकद नुसत्या जाडीतून येत नाही, बाक दिलेल्या प्लायला आणि कोपऱ्यातल्या काच-कापडाच्या (फायबरग्लासच्या) पट्टीला ती असते. त्यानं 12 एमएम घ्या म्हटलं तर नको म्हणा, प्लायचं वजन सरळ दुप्पट होतंय.

8 बाय 4 चे चार शीट लागतील. घेताना नुसतं 'वॉटरप्रूफ' म्हणून दिलेलं घेऊ नका, आयएस 710 चा शिक्का बघा. आयएस 303 फर्निचरचं असतं, ते नको. शिक्क्यावरही पूर्ण भरवसा न ठेवता दुकानदाराकडून एक छोटा तुकडा मागून घ्या आणि घरी पातेल्यात तीन-चार तास उकळवा. पापुद्रे सुटायला लागले तर तो माल परत. कडेनं पण नीट बघायचं, थरांमधे पोकळी दिसली तर पाणी तिथूनच शिरणार.

प्रश्न: खिळे-स्क्रू न वापरता तारेनं शिवून होडी करतात असं वाचलं. खरंच तशी टिकते का? आमच्या ओळखीचे एमआयडीसीत फायबरच्या टाक्या करतात, त्यांचंच रेझिन वापरलं तर स्वस्तात पडेल ना?

टिकते, आणि ज्यानं आयुष्यात होडी केली नाही त्याच्यासाठी हीच पद्धत सगळ्यात सोपी. दोन शीट टोकाला टोक लावून आतून सहा-आठ इंच रुंद प्लायची पट्टी चिकटवून लांब करायचे, त्यातून तळ आणि दोन बाजू कापायच्या, कडांना दर सहा इंचावर बारीक भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं एकमेकांना बांधायचं. तार मोटर वाइंडिंगवाल्याकडं सहज मिळते. तार पिळत गेलं की सपाट प्लाय स्वतःहून वळायला लागतं आणि होडीचा आकार उभा राहतो, हे बघायला फार भारी वाटतं, पोरांना नक्की बोलवा त्या दिवशी. या टप्प्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून होडी पिळलेली नाही ना तेवढं बघायचं, कारण पुढं ते सुधारता येत नाही आणि पिळलेली होडी वल्हवताना सारखी एका बाजूला जाते.

मग आतल्या कोपऱ्यात इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन, भरायचं. इपॉक्सीत लाकडाचा अगदी बारीक चाळलेला भुसा मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, गोल टोकाच्या पट्टीनं कोपऱ्यात ओढत जायचं, वर तीन इंची काच-कापडाची पट्टी बसवायची. घट्ट झालं की तारा काढा, बाहेरच्या कडा गोल घासा आणि बाहेरूनही पट्टी लावा.

टाकीवाल्यांचं रेझिन मात्र नको. ते बहुतेक पॉलिस्टर असतं, टाकीला उत्तम, पण लाकडाला ते इपॉक्सीसारखं धरून राहत नाही, काही दिवसांनी कडेनं सुटायला लागतं आणि नदीच्या मधे सुटलेली पट्टी कुणाला नकोय. अजून एक, तरंगण्यासाठी होडीत थर्माकोल भरणार असाल आणि त्यावर पॉलिस्टर पडलं तर थर्माकोल विरघळतो. इपॉक्सीनं तसं होत नाही. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, इथं नको.

इपॉक्सीत हार्डनर (घट्ट करणारा दुसरा भाग) डब्यावर लिहिलंय तेवढंच, डिजिटल काट्यावर मोजून. लवकर वाळावं म्हणून जास्त टाकायची सवय पॉलिस्टरवाल्यांना असते, इपॉक्सीत जास्त टाकलं तर ते कच्चंच राहतं. आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात ठेवा, चाळीसच्या वर पारा असताना तांब्याभर रेझिन एकदम कालवलं तर हातातच गरम होऊन धूर यायला लागतो. थोडं थोडं कालवा, खोल भांड्यात न ठेवता पसरट ट्रेमधे ओता. काम सकाळी नको, ऊन उतरल्यावर संध्याकाळी करा, कारण दिवस तापत जातो तशी लाकडातली हवा फुगून वर येते आणि ओल्या थरात बुडबुडे होतात, संध्याकाळी गार होत जाताना तसं होत नाही. हातमोजे घालायचेच, घासताना मास्क पण. अंगावर पडलेलं इपॉक्सी थिनरनं पुसू नका, साबण-पाण्यानं धुवा.

प्रश्न: वल्हं किती लांब पाहिजे?

होडी वर 4 फूट रुंद असेल तर साडेसात ते आठ फूट. त्यातलं पाव भागाहून थोडं जास्त आत येतं, बाकी बाहेर. वल्हं अडकवायची खुंटी बसायच्या फळीच्या कडेपासून साधारण फूटभर अंतरावर, आणि फळीपासून आठ-नऊ इंच उंच. पाय टेकवायला आडवी पट्टी ठोका, तिच्याशिवाय दिवसभर वल्हवणं होत नाही, सगळा जोर दंडांवर येतो. लाकूड हलकं आणि सरळ रेषांचं बघा, गाठ असलेलं नको. जास्तीचं एक वल्हं होडीत बांधून ठेवा.

प्रश्न: माझा मुलगा आणि त्याचा मित्र असंच जाणार म्हणतायत. दोघांना पोहता येतं, तरी आईच्या जिवाला घोर लागतोच. नेमकी काय काळजी घ्यायला सांगू?

ताई, तुमचा घोर बरोबर आहे. मे 2024 मधे उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. म्हणून पहिलं, उन्हाळ्यात वळवाच्या दिवसांत जाऊ देऊ नका. दुपारनंतर आभाळ भरून आलं की वारा कुठून सुटेल सांगता येत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते, त्यामुळं उजनीची दारं बंद असली तरी वीर धरणातून पाणी सोडलं की पंढरपूरला नदी चढते. पावसाळा संपून बर्गे टाकले की मग निघायचं, नोव्हेंबर-डिसेंबर-जानेवारी हे दिवस चांगले. फक्त कार्तिकीच्या गर्दीत पंढरपूरच्या वाळवंटातून होडी सोडू नका, यात्रा उरकू द्या.

दुसरं म्हणजे बंधारा. वरून पाणी सांडत असेल तर लांबून तो अगदी निवांत दिसतो, पण खाली पडणारं पाणी तिथंच उलटं फिरत राहतं आणि त्यात सापडलेला माणूस, कितीही चांगला पोहणारा असो, बाहेर येत नाही. मुलांना निक्षून सांगा की बंधाऱ्यावरून होडी काढायची नाही, दारातून तर नाहीच, लांबूनच काठाला लागायचं आणि उचलून न्यायची. होडी हलकी करा म्हणून मी एवढं म्हणतोय ते यासाठीच, कारण जड होडी असली की थकलेल्या माणसाला उचलायचा कंटाळा येतो आणि 'जाऊ दे, काढू वरून' असं मनात येतं.

लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगात, बसायला घ्यायचं नाही. ट्रॅक्टरची ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नाही. काठाजवळ उतरताना वल्ह्यानं खोली बघून पाय टाकायचा, वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत.

निघण्याआधी एक परीक्षा तुमच्यासमोर करायला सांगा. होडीच्या दोन्ही टोकांना बंद कप्पे हवेत, त्यात हवा किंवा थर्माकोल. कमरेएवढ्या पाण्यात होडी उभी करून बादल्यांनी काठोकाठ भरायची आणि दोघांनी आत बसायचं. बुडाली नाही, कडा पाण्याच्या वर राहिल्या, तर कप्पे पुरेसे आहेत. नाही राहिल्या तर कप्पे वाढवा आणि परत करा, त्याशिवाय जाऊ देऊ नका.

प्रश्न: सामान किती न्यावं?

दोन माणसं 140 किलो, होडी 50, सामान 60 धरलं तर वर सांगितलेली होडी चार इंचाच्या आसपास बुडते, हे ठीक आहे, काठाजवळच्या उथळ पाण्यात पण जाते. साठच्या वर जाऊ नका. सगळ्यात जास्त वजन पिण्याच्या पाण्याचं होतं, दोघांना चार-पाच दिवसांचं म्हटलं तर चाळीस-पन्नास लिटर, म्हणून सगळं एकदम नेऊ नका, वीस लिटरचा एक जार ठेवा आणि वाटेतल्या गावांत भरून घ्या. नदीचं पाणी उकळूनही पिऊ नका असंच मी सांगेन, वरून शहरांचं सांडपाणी येतंय. शिधा थोडा घ्या, भाकरी-चटणी काठावरच्या कुठल्याही गावात मागितली तर मिळते. बंधाऱ्यापाशी सामान वेगळं आणि होडी वेगळी अशा दोन फेऱ्या कराव्या लागतात, त्यामुळं सगळं सामान दोन-तीन पोत्यांत बसेल असंच बांधा, सुटं काही नको.

प्रश्न: परवानगी लागते का?

विचारूनच निघा. धरणाच्या किंवा तलावाच्या पाण्यात होडी घालायची तर जलसंपदा विभागाच्या ऑफिसात जायला लागतं, हिप्परग्याच्या तलावात चाचणी करणार असाल तरी. नदीसाठी वाटेतल्या पोलीस स्टेशनला आणि मुक्कामाच्या ग्रामपंचायतीला तारखा कळवून ठेवा. जलसंपदाच्या ऑफिसात आवर्तनाची, म्हणजे धरणातून ठरावीक दिवस पाणी सोडतात त्याची, चौकशी पण करा, उजनीतून नदीत पाणी सोडलं की ते औज बंधाऱ्यापर्यंत जातं आणि त्या दिवसांत प्रवाह एकदम वाढतो. तुमच्या तारखांना आवर्तन असेल तर आठवडाभर पुढं ढकला.