हवाई लेसरने समुद्रतळ मोजू पाहणाऱ्या नवशिक्यास

नागपुरात राहून हा अभ्यास सुरू करण्यात काहीच अडचण नाही. बराचसा भाग संगणकावरच होतो आणि अमेरिकेच्या ‘नोआ’ या सागर व हवामान संस्थेची अशी मोजमापे सरावासाठी मोफत मिळतात.

सर्वांत आधी पाण्याचा गढूळपणा समजून घ्या. विमानातून सोडलेला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण पाण्यात शिरतो खरा, परंतु गाळ असेल तर तो तळावरून परत येत नाही. म्हणूनच लक्षद्वीपच्या नितळ उथळ पाण्यात जे साधते, ते पावसाळ्यात कोकणातील खाडीत साधत नाही. सेकी तबकडी, म्हणजे पाण्याचा नितळपणा मोजायची पांढरी किंवा काळी-पांढरी चकती, दोरीला बांधून अंबाझरीसारख्या तलावात सोडून पाहा. ती जिथे दिसेनाशी होते, त्या खोलीच्या साधारण एक ते तीन पट खोलीपर्यंतच, यंत्राच्या ताकदीनुसार, लेसर पोहोचतो. हा प्रयोग चार पुस्तकांपेक्षा अधिक शिकवतो, असे माझे मत आहे.

नवशिक्यांच्या हमखास चुका दोन:

- खोली किरण परतण्यास लागलेल्या वेळेवरून काढतात. पाण्यात प्रकाशाचा वेग सुमारे तीन-चतुर्थांश होतो आणि किरण वाकतो, हे विसरल्यास खोली जवळपास एक-तृतीयांशाने जास्त दिसते.
- जीपीएसची उंची (ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते) आणि सागरी नकाशातील ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली खोली यांची थेट तुलना केली जाते. आधी दोन्ही एकाच संदर्भपातळीवर आणा.

परतलेल्या लेसर-तरंगाच्या आकाराचे विश्लेषण तूर्त बाजूला ठेवा.