वाचकांचे प्रश्न : सामू घसरला की एन्झाइम अडतं

प्रश्न : मी कराडला बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पेनिसिलिन-जीपासून ६-एपीए (६-अमिनोपेनिसिलॅनिक अॅसिड, म्हणजे पेनिसिलिनचा गाभा) बनवते आहे. ५ ग्रॅम पेनिसिलिन-जी पोटॅशियम १०० मिलि फॉस्फेट बफरमध्ये (सामू म्हणजे pH स्थिर धरणारं द्रावण; ०.०५ मोलर, सामू ८) विरघळवलं, मण्यांवर बसवलेलं पेनिसिलिन एसायलेज (पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम) घातलं आणि ३७ अंशांवर चार तास ढवळलं. हाती जेमतेम १ ग्रॅम पूड आली. एन्झाइम मेलंय का?

उत्तर : एन्झाइमला दोष देण्याआधी हिशेब मांडा. ५ ग्रॅम म्हणजे १३.४ मिलिमोल पेनिसिलिन. सगळं तुटलं तर २.९ ग्रॅम ६-एपीए मिळायला हवं. पण तेवढंच, १३.४ मिलिमोल फेनिलअॅसिटिक अॅसिडही (पेनिसिलिनचा तुटलेला दुसरा तुकडा) सुटतं. तुमच्या बफरमध्ये फॉस्फेटच मुळी ५ मिलिमोल. एक तृतीयांश काम होईतो त्याची ताकद संपते, सामू कोसळतो आणि एन्झाइम मंदावतं. आम्लात ही अभिक्रिया उलटी, पेनिसिलिन परत जोडण्याकडे झुकते, म्हणून वेळ वाढवून उपयोग होत नाही.

साध्या डिमिनरलाइज्ड पाण्यात काम करा. बोअरचं किंवा तांब्याच्या भांड्यातलं पाणी नको. तांब्यासारख्या धातूंमुळे पेनिसिलिनच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम कडं फुटतं. सामूमापी सतत बुडवून ठेवा आणि १ मोलर कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडत सामू ७.८ ते ८ राखा. थेंब ढवळणीच्या जोराच्या प्रवाहात पडू द्या. एका जागी साचलं तर तिथे हे कडं फुटून पेनिसिलोइक अॅसिड बनतं आणि ते पुन्हा पेनिसिलिन होत नाही. किती कॉस्टिक गेलं ते लिहीत राहा, तेच तुमचं मोजमाप : १३ मिलिच्या आसपास जाऊन मागणी थांबली की काम झालं. ५ मिलिवरच थांबली, तर मात्र एन्झाइमवर संशय घ्या.

पुढे मणी गाळून काढा, द्रव बर्फात ठेवा. ब्युटाइल अॅसिटेट घालून विरल हायड्रोक्लोरिक अॅसिडने सामू सावकाश ४ वर आणा. ब्युटाइल अॅसिटेट टाळू नका, नाहीतर थंडीत फेनिलअॅसिटिक अॅसिडही खाली बसतं, पूड वजनाला भरते आणि मधासारखा उग्र वास देते. सामू ३ च्या खाली गेला तर ६-एपीए परत विरघळतं. स्फटिक थंड पाण्याने, मग अॅसिटोनने धुवा. थोडं द्रवात राहतंच. अडीच ग्रॅम मिळालं तरी उत्तम समजा.

पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्याने या टेबलाजवळ येऊ नये. उरलेल्या द्रवाचा सामू कॉस्टिकने १२ वर नेऊन रात्रभर ठेवा, मग उदासीन करून ओता. जिवंत अँटिबायोटिक कोयना-कृष्णेत गेलं तर जंतू त्याला सरावतात.

प्रश्न : सांगलीत आमच्या लहान लॅबमध्ये हेच मणी सहा-सात वेळा वापरले की संपतात. कारखान्यात तर शेकडो वेळा चालतात म्हणे?

उत्तर : चालतात. चुंबकी ढवळणी वापरत असाल तर पहिला संशय तिच्यावर; तळाशी ती मणी जात्यासारखे दळते. वरून ढवळणारा पंखा लावा, किंवा मणी नळीत भरून द्रव त्यातून फिरवा. ३७ ऐवजी २८-३० अंशांवर काम करा, वेळ वाढेल पण आयुष्यही वाढेल. दर फेरीनंतर बफरने धुवा, कारण अडकलेलं फेनिलअॅसिटिक अॅसिड एन्झाइमची जागा अडवून बसतं. ४ अंशांवर ठेवा, गोठवू मात्र कधीच नका.