सेप्सिसमध्ये स्टेरॉइड का देतात? आधीच का देत नाहीत?

तुम्ही विचारलंय, खानापूरच्या काकांना ऊस तोडताना कोयता लागून सेप्सिस (जंतुसंसर्गाने शरीराचे अवयव बिघडणं) झाला, बेळगावात आयसीयूत आहेत, आणि तिसऱ्या दिवशी स्टेरॉइड सुरू केलं. मग पहिल्याच दिवशी का नाही दिलं?

कारण स्टेरॉइड सूज दाबतं, जंतू मारत नाही. पहिलं काम अँटिबायोटिक, सलाईन आणि जखमेतला पू काढणं. शॉक, म्हणजे बीपी धोकादायक खाली गेलेलं, असेल तर अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं. एवढं करूनही बीपी धरेना, ते वर नेणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप चालूच ठेवावा लागला, की मग हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, साधारण दिवसाला २०० मिलिग्रॅम. त्याने शॉक लवकर सुटतो. जीव वाचतोच का, यावर २०१८ च्या दोन मोठ्या चाचण्यांची उत्तरं वेगवेगळी आली. साखर मात्र वाढते, म्हणून ते सारखी बोटाला सुई टोचतात. त्यावरून नर्सशी भांडू नका.

सूज दाबून सेप्सिस बरा करायचे प्रयत्न खूप झाले. टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणारी औषधं १९९० च्या दशकात फसली. अ‍ॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी हे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, २०११ मध्ये बाजारातून गेलं. २०२२ च्या चाचणीत व्हिटॅमिन सी दिलेल्यांची अवस्था उलट जास्त बिघडली. सूज हा शरीराचा बचावही असतो, सरसकट दाबून कसं चालेल?

आपल्याकडे गावात ‘सूज उतरायचं इंजेक्शन द्या’ म्हणून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मारून घेतात, त्याचीच मला जास्त भीती वाटते. बीपी पडलेलं असताना त्याने किडनी जाऊ शकते. काकांनी आधी असलं काही घेतलं असेल तर आजच डॉक्टरांना सांगा.